पाचवी मागणी

सप्टेंबर 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनकडे पाठवला. मागण्या पाच होत्या. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि पाचवी अशी की, काम करताना जबर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. लोखंड्यांचा जन्म ठाण्यातला, म्हणजे भिवंडीहून खाडीपलीकडचा.

रविवार 1890 मध्ये मिळाला आणि आपण लोखंड्यांना रविवारपुरतंच लक्षात ठेवलं. पाचव्या मागणीबद्दल शाळेच्या पुस्तकांत फारसं काही सापडत नाही. खरं तर ती काळाच्या पुढचीही नव्हती. त्याच वर्षी जुलै महिन्यात बिस्मार्कच्या जर्मनीने कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा केला होता. इंग्लंडने 1897 मध्ये केला. आपल्याकडे कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 मध्ये झाला आणि 1 जुलै 1924 पासून लागू झाला. अर्जापासून चाळीस वर्षं. त्यालाही आता शंभर वर्षं उलटून गेली. तात्पुरत्या दुखापतीसाठी लोखंड्यांनी पूर्ण पगार मागितला होता. कायद्याने दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराचा चौथा हिस्सा, म्हणजे महिन्याकाठी निम्माच दिला. तोही किती जणांच्या हाती पडतो, हा या पुस्तकाचा विषय.

पुस्तक भिवंडीबद्दल का, हे सांगायला हवं. बाहेरच्यांना भिवंडी यंत्रमागांची म्हणून ठाऊक. पण काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, मानकोली, अंजूर, सोनाळे आणि पुढे पडघ्यापर्यंत नाशिक महामार्गाच्या आजूबाजूला गेल्या दोन-अडीच दशकांत भातखाचरांवर आणि खाजणांवर भराव पडत गेला आणि गोदामं उभी राहिली. मुंबईच्या जकात नाक्यांबाहेर माल ठेवायची सोय म्हणून हा धंदा सुरू झाला. जकात 2017 मध्ये गेली, गोदामं वाढतच राहिली. समृद्धी महामार्गाचं मुंबईकडचं टोकही भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावातच आहे. देशभर घरपोच जाणाऱ्या मालाचा मोठा हिस्सा या पत्र्यांखालून जातो. ते पत्रे चढवले कोणी, हे मात्र कुठल्या खोक्यावर छापलेलं नसतं.

गोदामाचं काम घराच्या बांधकामासारखं नसतं. पायाचं काँक्रीट झालं की लोखंडी कॉलम उभे करायचे, हायड्रा क्रेनने राफ्टर उचलून वर बोल्ट कसायचे, त्यावर पर्लिन म्हणजे आडव्या पट्ट्या, त्यावर पत्रा. जमिनीपासून तीस-चाळीस फुटांवर माणूस पर्लिनवर पाय टाकत चालतो. उजेडासाठी मधूनमधून फायबरचे पारदर्शक पत्रे टाकलेले असतात. वर्ष-दोन वर्षांच्या धुळीने ते बाकीच्या पत्र्यांसारखेच दिसू लागतात आणि गळती काढायला चढलेला माणूस त्यावर पाय देतो. जाळी लावलेली नसते. लाइफलाइनची दोरी बांधली तर बेल्टचा उपयोग. दोरी नसताना बेल्ट कमरेला असून काय करणार? तरीही अपघातानंतर साइटवरचा पहिला शब्द हाच असतो की, बेल्ट लावला नव्हता. दुसरा, प्यायला होता.

हे दोन्ही बचाव कायद्याने कधीच निकामी केले आहेत. नशा, नियमांचं जाणूनबुजून उल्लंघन, सुरक्षा साधन मुद्दाम काढून टाकणं ही कारणं इतर दुखापतींच्या दाव्यात मालक सांगू शकतो. मृत्यू झाला असेल किंवा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला असेल तर नाही. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करायचीही गरज नाही. कामावर असताना, कामामुळे अपघात झाला, एवढं पुरतं. भिवंडीतल्या किती साइट सुपरवायझरांना हे ठाऊक असेल, शंका आहे. मेलेल्याच्या भावाला तर नक्कीच नसतं, म्हणून तो 'बेल्ट लावला नव्हता' ऐकून मान खाली घालतो.

आता आकड्यांकडे येऊ, कारण तडजोडीच्या बैठकीत आकडाच बोलतो. मृत्यूची भरपाई म्हणजे मासिक वेतनाच्या निम्म्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचं. पंचविसाव्या वर्षी गुणक 216.91 आहे, चाळिसाव्या वर्षी 184.17. हिशेबात धरायच्या वेतनाची कमाल मर्यादा जानेवारी 2020 मध्ये 8,000 वरून 15,000 झाली. रोज आठशे कमावणारा, महिन्याला सव्वीस दिवस भरणारा पंचवीस वर्षांचा फिटर 20,800 घरी नेत असला, तरी कायदा 15,000 च मोजतो. त्याच्या घरच्यांची भरपाई होते 16,26,825 रुपये. महिन्याभरात दिली नाही तर वर्षाला 12 टक्के व्याज, म्हणजे 1,95,219 रुपये; आणि उशिराला सबळ कारण नसेल तर वर निम्म्या रकमेपर्यंत दंड. सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये वेदप्रकाश गर्ग प्रकरणात सांगितलं की, भरपाई आणि व्याज विमा कंपनीवर टाकता येतं, दंड मात्र मालकाने स्वतःच्या खिशातून भरायचा. जखमी माणसाचा उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही 2009 च्या दुरुस्तीपासून मालकावर आहे. हा आकडा कागदावर लिहून नेलेल्या कुटुंबाशी ठेकेदार वेगळ्या आवाजात बोलतो, असं या क्षेत्रात काम करणारा कोणीही वकील सांगेल.

पण मालक कोण? गोदामाच्या कामात खरी गाठ इथे आहे. जमीन गावातल्या आगरी कुटुंबाची, बांधणारा विकसक मुंबईचा, शेड पुरवणारी कंपनी तिसरी. उभारणीचा ठेका चौथ्याकडे, माणसं पुरवणारा लेबर कॉन्ट्रॅक्टर पाचवा आणि वहीत हजेरी लिहिणारा मुकादम त्याच्याही खाली. गोदाम भाड्याने घेणारी बडी कंपनी या साखळीत दिसतच नाही, कारण तिचा करार सुरू होतो तेव्हा पत्रे चढलेले असतात. अपघात झाला की मुकादमाचा फोन बंद होतो आणि वरचा प्रत्येक जण खालच्याकडे बोट दाखवतो.

1923 च्या कायद्याला हे ठाऊक होतं. त्याच्या बाराव्या कलमात मूळ मालकावर थेट जबाबदारी आहे: काम ठेकेदाराकडून करून घेतलं तरी भरपाई त्याने द्यायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करत बसायचं. त्याला दोन अटी आहेत. अपघात मूळ मालकाच्या ताब्यातल्या जागेत किंवा तिच्या आसपास व्हायला हवा, आणि ते काम त्याच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असायला हवं. भिवंडीचा सगळा वाद या दुसऱ्या अटीत येऊन अडकतो. विकसकाचा धंदाच गोदामं बांधायचा, तो सुटत नाही. पण आयुष्यात एकच गोदाम बांधून घेतलेला शेतकरी म्हणतो, मी भाडं खातो, बांधकाम माझा धंदा नाही. मला यात त्या शेतकऱ्याची थोडी दया येते. त्याच्या आडून मधले चौघे निसटतात याची मात्र चीड येते. दावा लावताना साखळीतल्या प्रत्येकाला प्रतिवादी करा, असा या पुस्तकाचा आग्रह आहे तो यामुळेच. कोण किती जबाबदार हे ठरवणं या कायद्याखालच्या भरपाई आयुक्तांचं काम. मुकादम सापडेना म्हणून दाव्याचा कागदच न करणं ही घरच्यांची चूक ठरते, आणि तीच सगळ्यांत जास्त होते.

चूक म्हणतो, पण पहिल्या आठवड्यात काय काय घडतं ते पाहावं. जखमी माणूस आधी इंदिरा गांधी रुग्णालयात जातो, तिथून कळव्याला किंवा ठाण्याला पाठवला जातो. पोलिसांत कधी आकस्मिक मृत्यूची नोंद होते, कधी गुन्हा. पार्थिव गावी न्यायला गाडी लागते, बर्फ लागतो. तो खर्च ठेकेदार करतो आणि त्या उपकारातच बोलणी सुरू होतात. एक कागद पुढे येतो. त्यावर लिहिलेलं असतं की, आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही, रक्कम मिळाली. खाली अंगठा. हा कागद कायद्याच्या लेखी जवळजवळ निरर्थक आहे. मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. घरच्यांच्या हातात परस्पर दिलेली रक्कम, तीन महिन्यांच्या वेतनाइतकी आगाऊ सोडली तर, भरपाई म्हणून धरलीच जात नाही. हक्क सोडल्याचा करारही चालत नाही. अंगठा दिला म्हणून सगळं संपलं असं समजून गोरखपूरला किंवा जव्हारला परत गेलेल्या माणसाला हे सांगणारं कोणी भेटत नाही. दावा आपण जिथे राहतो तिथेही लावता येतो, त्यासाठी ठाण्याच्या कामगार न्यायालयाच्या वाऱ्या कराव्या लागत नाहीत, हेही कोणी सांगत नाही.

याउलट मोठा अपघात झाला की सगळेच बोलतात. 31 जुलै 2023 च्या मध्यरात्री शहापूरजवळ सरलांबे इथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारं यंत्र कोसळलं आणि 20 जण गेले. सहा आठवड्यांत, 10 सप्टेंबरला, ठाण्यात बाळकुमच्या चाळीस मजली इमारतीत बांधकामाची लिफ्ट कोसळून 7 मजूर मेले. छतावरचं वॉटरप्रूफिंगचं काम आटोपून ते खाली उतरत होते. बाळकुमहून कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडी तालुका. त्याआधी 29 एप्रिलला भिवंडीतच वळपाड्याला तीन मजली इमारत पडली. खाली गोदाम, वर कुटुंबं. 8 जण गेले, इमारतमालकाला अटक झाली. शहापूरच्या मृतांच्या वारसांना राज्य सरकारकडून पाच लाख आणि पंतप्रधान निधीतून दोन लाख जाहीर झाले. बातमी तिथे थांबली.

माझी तक्रार या पाच-सात लाखांबद्दल नाही. दुःखाच्या घरी ते उपयोगीच पडतात. तक्रार ही की, ते पैसे मालकाच्या खिशातले नसतात. ज्याच्या कामावर माणूस मेला त्याच्या ताळेबंदात त्या मृत्यूची एक ओळही पडत नाही. लाइफलाइन, जाळी, लिफ्टची तपासणी यांना खर्च येतो. सरकारच्या मदतीला मालकाला काहीच खर्च येत नाही. भरपाईचा दावा लागला, तर पुढच्या वेळी विमा कंपनी हप्ता वाढवते, विकसक ठेकेदाराला जाळीबद्दल विचारतो. साइटवर शिस्त येते ती अशी. फौजदारी गुन्ह्याचंही तसंच. निष्काळजीपणाने मृत्यूला भारतीय न्याय संहितेत आता पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पूर्वी दोन होती. पण अटक होते ती बहुधा सुपरवायझरला, खटला रेंगाळतो आणि शिक्षा झाली तरी त्यातून विधवेच्या घरचं रेशन भरत नाही. दोन्ही लढाया हव्यात. मात्र वर्तमानपत्रं एकीवरच खूश असतात.

अपंगत्वाचं प्रकरण या पुस्तकात मोठं आहे, ते योग्यच. मृत्यूला निदान शवविच्छेदनाचा कागद असतो. हात गेलेला माणूस महिनाभर रुग्णालयात असतो आणि तोवर साइट पुढे सरकलेली असते. कायद्याच्या परिशिष्टात अवयवांचा तक्ता आहे: अंगठा 30 टक्के, तर्जनी 14, मधलं बोट 12. तो वाचताना मन विटतं, पण तक्त्याशिवाय घासाघीस अनंत चालली असती, हेही खरं. तक्त्याच्या पलीकडे पाहण्याची वाट सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंगदेव विरुद्ध श्रीनिवास साबता या निकालात दाखवली. ओडिशातल्या जयपूर गावी 1968 मध्ये एका सिनेमागृहाचं सजावटीचं काम चालू असताना सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचं म्हणणं, हे अंशतः अपंगत्व. न्यायालयाने विचारलं ते वेगळंच: एका हाताने सुतारकाम होतं का? होत नाही, तर त्या माणसापुरतं अपंगत्व पूर्ण. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, आयुक्तांच्या निकालाच्या दिवशी नव्हे, हेही याच निकालातलं. भिवंडीतल्या वेल्डरच्या दाव्यात, पत्रे मारणाऱ्याच्या दाव्यात हा निकाल जोडलेला नसेल तर वकील बदलावा.

एका जागी मात्र कायद्यातलं छिद्र मला अजून बुजलेलं दिसत नाही. बांधकाम मजूर बहुधा साइटवरच राहतो. गोदामाच्या कडेला पत्र्याच्या खोलीत, नाही तर अर्धवट इमारतीतच. 4 एप्रिल 2013 ला शिळफाट्याला बेकायदा इमारत कोसळली, 74 जण मेले. वरचा मजला चढत होता आणि खालच्या मजल्यांवर मजूर मुलाबाळांसह राहत होते. झोपेत किंवा जेवताना मेलेला मजूर कामावर होता का? मुंबईच्याच एका खटल्यात, बेस्टच्या बसने घरी जाताना मेलेला बेस्टचा ड्रायव्हर कामावरच होता, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये दिला. तो धागा पकडून युक्तिवाद करता येतो. पण मळेवाल्यांच्या बाबतीत युक्तिवाद करावाच लागत नाही. चहा-कॉफीच्या मळ्यात मालकाने दिलेलं घर कोसळून कामगार मेला तर भरपाई द्यावी, असं मळ्यांच्या कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते कलम आलं आहे. मळ्यांसाठी जे सुचलं ते बांधकामासाठी का सुचू नये? संहितेने घर ते कामाची जागा या वाटेवरचा अपघात भरपाईत आणला, ही तिची जमेची बाजू. ज्याचं घर आणि साइट एकच, त्याची वाट कोणती?

ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आणि 1923 चा कायदा तिच्यात विरघळला. तत्त्वं बरीचशी तीच आहेत. मूळ मालकाची जबाबदारी आहे, व्याज आहे, दंड आहे. त्याआधीच्या अपघातांचे दावे जुन्या कायद्याने चालतील, म्हणून वाचकाला पुढची काही वर्षं दोन्ही माहीत असावं लागेल. ठेका कामगारांच्या तरतुदी दुसऱ्या संहितेत आहेत आणि त्या पन्नास माणसांपासून पुढे लागतात; त्यामुळे एकाच गोदामावर चाळीस-चाळीसच्या तीन टोळ्या तीन नावांनी दिसल्या, तर आश्चर्य वाटू देऊ नका.

उपकराच्या पैशांवर थोडंच लिहितो, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. 1996 च्या कायद्याने बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर लागू झाला आणि तो मजुरांच्या कल्याणासाठीच खर्चायचा असतो. मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निधीच्या पडून राहण्यावर कडक शब्दांत टीका केली. नोंदणीला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरून उचललेल्या मजुराला तो मिळवणं सोपं नसतं. या उपकरातून कल्याणकारी मंडळाकडून मिळणारी रक्कम आणि मालकाची भरपाई यांचा एकमेकींशी संबंध नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. एक मिळाली म्हणून दुसरी जात नाही.

पुस्तकाची प्रकरणं कायद्याच्या कलमांप्रमाणे लावलेली नाहीत. अपघातानंतर घरच्यांपुढे प्रश्न ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने ती आहेत: रुग्णालयात काय लिहून घ्यावं, पोलीस ठाण्यात जबाबात ठेकेदाराचं नाव कसं टाकावं, नोकरीचा पुरावा कुठून आणावा. शेवटचा प्रश्न वाटतो तितका अवघड राहिलेला नाही. नेमणुकीचं पत्र नसतं, पण गोदामाच्या फाटकावरची नोंदवही असते, मुकादमाने फोनवर पाठवलेली उचल असते, पर्लिनवर उभं राहून काढलेला फोटो असतो. तो फोटो गावाकडच्या लोकांना दाखवण्यासाठी काढलेला असतो. आयुक्तांपुढे तोच साक्षीदार होतो. हायड्राने किंवा मिक्सरने चिरडून मृत्यू झाला असेल, तर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे जायचा पर्यायही आहे. तिथे 15,000 ची मर्यादा नाही, आणि दोहोंपैकी एकच दार निवडावं लागतं. वकिलाने हे न विचारता अर्ज भरला तर घरच्यांनी विचारावं.

आणि ज्यांच्या मागे विचारायला कोणीच नाही, त्यांच्यासाठी 1923 च्या कायद्यात 10 अ हे कलम होतं, नव्या संहितेतही ते आहे. कामावर माणूस मेल्याची माहिती आयुक्तांना कुठूनही मिळाली, तरी ते मालकाला नोटीस पाठवून तीस दिवसांत लेखी खुलासा मागू शकतात: अपघात कसा झाला, भरपाईची जबाबदारी मान्य आहे का, नसेल तर का नाही. माहिती कोणी द्यायची, यावर बंधन नाही. शेजारच्या खोलीतला मजूर देऊ शकतो, वॉर्डबॉय देऊ शकतो, ग्रामपंचायतीचा सदस्य किंवा बातमी वाचणारा तुमच्यासारखा वाचक देऊ शकतो. तारीख, गाव, गोदामाचा पत्ता आणि मृताचं नाव एवढं त्यात हवं. त्या पत्राचा नमुना शेवटच्या परिशिष्टात आहे, आणि तो मुद्दाम अर्ध्या पानात बसवला आहे.